सहा महिने की अठरा? जर्मनीतल्या चर्च-आश्रयाची पार्श्वभूमी

परत पाठवणी टाळण्यासाठी चर्चच्या आवारात आश्रयाला राहणाऱ्या निर्वासितांना पोलिसांनी उचलून नेल्याच्या बातम्या 2023 पासून जर्मनीतून अधूनमधून येत आहेत. दर वेळी बायबलमधले दोन अध्याय पुढे केले जातात. मत्तयाचा 25 वा अध्याय म्हणतो की परक्याला घरात घेतलं तर ख्रिस्तालाच घेतलं. रोमकरांस पत्राचा 13 वा सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहायला सांगतो. दोन्ही आपापल्या जागी ठीक, पण खरं भांडण जुंपलं ते परत पाठवणीच्या एका सरकारी मुदतीवरून.

पवित्र जागी शिरलेल्याला हात लावायचा नाही, हा संकेत ख्रिस्ती धर्माहून जुना. पाचव्या शतकात रोमन सम्राटांनी तो चर्चसाठी कायद्यात आणला, आधुनिक राज्यांनी मोडीत काढला. कॅथलिक धर्मसंहितेच्या 1917 च्या पाठात त्याची नोंद होती, 1983 च्या पाठातून ती गेली. गंमत म्हणजे त्याच वर्षी बर्लिनमध्ये हा संकेत पुन्हा जिवंत झाला, तोही प्रोटेस्टंटांच्या हातून.

त्या ऑगस्टमध्ये 23 वर्षांच्या एका तुर्की तरुणाने पश्चिम बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाच्या खिडकीतून उडी मारून जीव दिला. तुर्कस्तानात लष्करी राजवट होती आणि आपल्याला तिच्या हवाली करतील ही त्याची धास्ती होती. शहर हादरलं. वर्ष सरायच्या आत क्रॉइझबर्ग भागातल्या एका मंडळीने, म्हणजे स्थानिक चर्चच्या भाविकांच्या संस्थेने, यादवीत जळणाऱ्या लेबनॉनला परत धाडल्या जाणाऱ्या पॅलेस्टिनी कुटुंबांना चर्चमध्ये ठेवून घेतलं. कायद्याने आपल्याला असा अधिकार नाही, हे मंडळीला पक्कं ठाऊक होतं. तो आजही नाही. पोलीस केव्हाही आत येऊ शकतात. बहुतेकदा येत नाहीत, इतकंच.

1993 मध्ये आश्रयाचं घटनेतलं कलम आवळलं गेलं. पुढे युरोपीय देशांचे डब्लिन नियम आले आणि चर्च-आश्रयाचं स्वरूपच बदललं. माणूस युरोपात पहिल्यांदा ज्या देशात शिरला, त्यानेच अर्ज तपासायचा. म्हणून चर्चमध्ये येणारे बहुतेक जण सीरिया किंवा अफगाणिस्तानला नव्हे, तर बल्गेरिया, हंगेरी, इटली, क्रोएशियाला परत जाणारे. तिथली मारहाण, कोठड्या किंवा रस्त्यावरचे दिवस भोगून आलेले. सहा महिन्यांत पाठवणी झाली नाही, तर अर्जाची जबाबदारी जर्मनीवर येते. तेव्हा सहा महिने छप्पर द्यायचं आणि मग त्या माणसाला जर्मनीच्याच रीतसर तपासणीपुढे उभं करायचं, अशी ही व्यवस्था होती. कायद्याला बगल म्हणा हवं तर. पण शेवट कायद्याच्या दारातच होत होता.

फेब्रुवारी 2015 मध्ये कॅथलिक व प्रोटेस्टंट ही दोन्ही चर्च आणि निर्वासितांचं काम पाहणारं संघीय कार्यालय यांच्यात समझोता झाला. मंडळीने प्रत्येक माणसाची परिस्थिती मांडणारा लेखी अहवाल द्यायचा आणि कार्यालयाने फेरविचार करायचा. सुरुवातीला बरीच प्रकरणं मंडळ्यांच्या बाजूने सुटली. नंतर नकार वाढत गेले.

मग आला 2018 चा निर्णय, आणि इथे जरा थांबायला हवं. ऑगस्टपासून असं ठरलं की अहवाल वेळेत आला नाही, किंवा तो फेटाळल्यावर तीन दिवसांत माणूस चर्चबाहेर पडला नाही, तर त्याला 'फरार' धरायचं. फरारासाठी मुदत अठरा महिने. सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती: कित्येक मंडळ्या अहवाल देत नव्हत्या, नकारानंतरही माणसाला ठेवून घेत होत्या. पण फरार कोण? ज्याचं नाव, खोली, रस्ता, सगळं मंडळीने स्वतः सरकारला कळवलेलं असतं तो! छोट्या मंडळीला दीड वर्ष एका माणसाचं जेवण, औषधपाणी आणि चार भिंतींतली घुसमट सांभाळणं जड जातं. हा नियम दया बेकायदा ठरवत नव्हता, ती परवडू नये अशी तजवीज करत होता.

दोन वर्षं हे चाललं. जून 2020 मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की पत्ता माहीत असलेला माणूस फरार नव्हे. 2021 च्या सुरुवातीला कार्यालय सहा महिन्यांवर परतलं. दरम्यान बव्हेरियात आश्रय दिल्याबद्दल एका बेनेडिक्टाइन मठवासीयावर खटला चालला. तो निर्दोष सुटला आणि 2022 मध्ये वरच्या न्यायालयाने ते कायम केलं.

आधी आपल्या माणसांना जपावं, ही राज्याची बाजूही ख्रिस्ती परंपरेबाहेरून आलेली नाही. तेराव्या शतकातल्या धर्मशास्त्रात प्रीतीला क्रम आहे, जवळचे आधी. कॅथलिक चर्चच्या 1992 च्या शिकवणग्रंथात तर दोन्ही गोष्टी शेजारी आहेत: श्रीमंत देशांनी शक्य तितकं परक्याला घ्यावं आणि राज्यकर्त्यांना सर्वांच्या हितासाठी त्यावर अटी घालता याव्यात. राजकारणी सोयीचं वाक्य उचलतात. 2025 च्या आरंभी अमेरिकेच्या उपाध्यक्षांनी तो जुना क्रम पुढे केला, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी तिथल्या बिशपांना पत्र लिहून, जखमी परक्याला मदत करणाऱ्या बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याची आठवण दिली.

जर्मनीत वारं फिरलं ते ऑगस्ट 2024 मध्ये. झोलिंगनच्या उत्सवात चाकूहल्ल्यात तिघांचा जीव गेला. हल्लेखोर बल्गेरियाला पाठवायचा राहून गेला होता, सहा महिने उलटल्यामुळेच. त्याचा चर्च-आश्रयाशी काही संबंध नव्हता, पण ती मुदत आता संशयास्पद झाली. चर्च-आश्रयाची प्रकरणं तेव्हा वर्षाला दोन हजारांवर गेली होती. डिसेंबरमध्ये ब्रेमेनला एका सोमाली तरुणाला न्यायला पोलीस रात्री चर्चमध्ये आले. लोकांनी जागा भरून टाकली आणि ते परत गेले. पुढच्या जानेवारीत, नावातच 'ख्रिस्ती' असलेल्या पक्षाने स्थलांतराविरुद्धचा ठराव अतिउजव्यांच्या मतांवर मंजूर करून घेतला, तेव्हा जाहीर हरकत घेणाऱ्यांत दोन्ही चर्चची बर्लिन कार्यालयं होती.

युरोपीय संघाने 2024 मध्ये मंजूर केलेल्या आणि जून 2026 पासून लागू होणाऱ्या नियमांत साधी मुदत सहा महिनेच आहे. फरारासाठीची मात्र तीन वर्षांची झाली आहे.