माशाची दृष्टी परत येते, हे कसे उलगडत गेले

माणसाच्या डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, खराब झाला की त्यातल्या मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. पूर्ण वाढलेल्या गोल्डफिशमध्ये किंवा झेब्राफिशमध्ये मात्र त्या नव्याने तयार होतात आणि मासा पुन्हा पाहू लागतो.

या शोधाचा माग अठराव्या शतकापर्यंत जातो. 1780 च्या सुमारास स्विस निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बॉने याने सॅलमँडर या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या कुळातल्या न्यूटचा डोळा बहुतांश काढून टाकला, तरी तो पुन्हा वाढल्याची नोंद केली. त्यानंतर कितीतरी काळ हे एक नवल म्हणूनच उरले.

विसाव्या शतकात अमेरिकी चेताशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी याने या विषयाला वळण दिले. त्याने न्यूटची डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस कापली आणि डोळा 180 अंशांत फिरवून बसवला. नस पुन्हा वाढली, दृष्टीही आली, पण उलटी: भक्ष्य वर दिसले की प्राणी खाली झेपावे. अनुभवाने ही चूक सुधारली नाही. 1963 मध्ये डॉमेनिका अत्तार्दी हिच्यासह त्याने गोल्डफिशच्या पडद्याचा काही भाग काढून पाहिला. उरलेल्या भागातले तंतू मेंदूतल्या रिकाम्या जागा ओलांडून नेमके स्वतःच्या ठिकाणीच पोहोचले. दृष्टी परत येण्यातला हा कळीचा भाग आहे असे मला वाटते, कारण पेशी कितीही तयार झाल्या तरी त्यांची जोडणी चुकली तर दिसणार काहीच नाही.

पण या प्रयोगांत नस तुटली होती, पेशी जिवंत होत्या. पेशीच मेल्या तर? उआबाइन नावाचे विष डोळ्यात टोचून गोल्डफिशचा पडदा नष्ट करण्याचे प्रयोग 1970 च्या दशकात झाले आणि पडदा पुन्हा घडताना दिसला. आता प्रश्न होता, नव्या पेशी येतात कुठून? न्यूटमध्ये त्या पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या थरातून येतात. माशांत तसे दिसेना. माशाचा डोळा आयुष्यभर वाढत राहतो. पडद्याच्या कडेला नव्या पेशींची भर पडते आणि मधल्या भागात नव्या दंडपेशी, म्हणजे अंधुक प्रकाशात पाहायला मदत करणाऱ्या पेशी, बसवल्या जातात. त्यामुळे 1980 च्या दशकात पामेला रेमंड आणि तिच्या सहकाऱ्यांचा कल दंडपेशींच्या पूर्वज पेशींकडे होता.

उत्तर मिळाले 2006-07 च्या सुमारास, तेही अनपेक्षित ठिकाणी. हाइनरिश म्युलर याने 1851 मध्ये वर्णन केलेल्या, पडद्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत उभ्या पसरलेल्या आधारपेशी, म्हणजे म्युलर पेशी, हाच तो उगम होता. एरवी त्यांचे काम चेतापेशींना आधार देण्याचे आणि त्यांच्याभोवतीचे रसायन सांभाळण्याचे. इजा झाली की मात्र माशातली म्युलर पेशी आपली ओळख थोडी सोडते, तिचे केंद्रक पडद्याच्या बाहेरच्या थराकडे सरकते आणि ती विभागते. एक पेशी म्युलर म्हणूनच राहते. दुसरीपासून झपाट्याने पेशींचा पुंजका तयार होतो आणि तो म्युलर पेशीच्याच उभ्या तंतूला धरून जागेवर पोहोचतो. प्रखर प्रकाशाने शंकूपेशी (उजेडात रंग पाहणाऱ्या पेशी) आणि दंडपेशी मारलेल्या झेब्राफिशमध्ये साधारण महिनाभरात थर पुन्हा भरून येतो.

पेशी आल्या म्हणजे मासा पाहतो असे गृहीत धरणे बरोबर नव्हते. गोल्डफिश वरून येणाऱ्या प्रकाशाच्या आधारे पाठ वर ठेवतो. एका डोळ्याला दिसेनासे झाले की तो एका बाजूला कलून पोहतो. विष टोचलेल्या डोळ्याचा पडदा पुन्हा घडत गेला तसे हे कलणे हळूहळू कमी झाले. प्रकाशाला पडद्याकडून मिळणारा विद्युत प्रतिसादही आठवड्यांगणिक परत आला. या कामाला हवे तेवढे श्रेय मिळालेले नाही. दृष्टी परत येते या दाव्याला खरा पाया याच प्रयोगांनी दिला.

म्युलर पेशी आपल्या डोळ्यातही आहेत. फरक असा, की इजेनंतर त्या बहुधा व्रण तयार करतात, चेतापेशी नाही. झेब्राफिशमध्ये या प्रक्रियेला एएससीएल1ए हे जनुक लागते, हे 2010 पर्यंत स्पष्ट झाले होते. 2017 मध्ये प्रौढ उंदराच्या म्युलर पेशींत त्याच जनुकाचे सस्तन प्राण्यांतले रूप एएससीएल1 चालू करून, डीएनएची घट्ट बांधणी सैल करणारे औषध दिल्यावर, काही चेतापेशी मिळाल्या आणि त्या पडद्यातल्या जाळ्याशी जोडल्याही गेल्या. मासा, कोंबडी आणि उंदीर यांची तुलना करणाऱ्या 2020 च्या अभ्यासाने आणखी एक दुवा दिला: उंदरात एनएफआय गटाची जनुके म्युलर पेशींना इजेनंतर पुन्हा निवांत अवस्थेत ढकलतात, आणि ती काढून टाकली की त्या पेशी चेतापेशी बनवू लागतात.