उलाळ गाडी आणि भाच्याची एसयूव्ही

माझा भाचा ॲरिझोनात फिनिक्सला असतो. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला त्याचा व्हिडिओ कॉल, "मामा, ट्रॅव्हल ट्रेलर घेतोय, चाकावरचं घरच म्हणा, आत बेड किचन बाथरूम सगळं, आपली एसयूव्ही ओढेल ना?" गाडी त्याची मोठी, व्ही-८ इंजिनवाली. मी तोंड उघडायच्या आत इकडं सोलापुरात आमच्या हॉलमध्ये बसलेल्या चौघांनी निकाल देऊन टाकला. धाकटा म्हणाला पोर्शेनं विमान ओढलेला व्हिडिओ बघितला नाय का बे, आणि भाच्याची आई, म्हणजे आमची अक्का, म्हणाली जोडणीच्या जागी लिंबू-मिरची तेवढी बांध.

विमानाचं आधी संपवतो. ते खरंय, २०१७ ला पॅरिसच्या विमानतळावर पोर्शे कायेननं २८५ टनाचं ए-३८० विमान ओढलं होतं. पण किती, तर ४२ मीटर, आणि तेही सपाट काँक्रीटवर. चाकावरची वस्तू हळू ओढायला जोर कमीच लागतो हो, त्यात काय नवल. भाच्याची गाडी आणि ट्रेलर मिळून साडेपाच टन धरले तरी सपाट रस्त्यावर ताशी ८० ला साधारण ५० हॉर्सपॉवरमध्ये भागतं, आणि त्याच्याकडं साडेतीनशे आहेत. म्हणजे ओढेल का हा प्रश्नच चुकीचा आहे. ओढताना गाडी सरळ राहील का, आणि मागचा एक्सल ते ओझं पेलेल का, हे विचारायला पाहिजे.

हे आमच्या आजोबांना माहीत होतं, फक्त त्यांनी फिजिक्स शिकलेलं नव्हतं. बैलगाडी भरताना ते मागून एकदा बघायचे आणि ओरडायचे, "उलाळ झाली, पुढं सरकवा!" दोन चाकांची गाडी, मागं जास्त भरली की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्यातल्या पट्ट्या आवळतात. पुढं जास्त भरली तर बैलांच्या मानेवर भार. म्हणून माल असा लावायचा की जू हलकंसं दाबलेलं राहील. आजही गाळप सुरू झालं की आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या दिसतात, नीट बघा, हीच भानगड असते. अमेरिकेतले लोक त्याला टंग वेट म्हणतात, आणि अशा ट्रेलरसाठी त्यांचा ठोकताळा म्हणजे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीवर पडला पाहिजे.

आता का पडला पाहिजे, हा माझा आवडता भाग, जरा दम धरा.

बाणाला पिसं मागच्या टोकाला का असतात? बाणाचं वजन पुढं, पिसं मागं, म्हणून बाण जरा वाकडा झाला की हवा पिसांना ढकलून त्याला परत सरळ करते. ट्रेलरची चाकं म्हणजे त्याची पिसं. ट्रेलर थोडा तिरका झाला की टायर रस्त्यावर आडवे घासतात आणि त्याला सरळ ओढतात, पण ट्रेलरचा गुरुत्वमध्य चाकांच्या पुढं असेल तरच. माल मागं गेला, गुरुत्वमध्य चाकांवर किंवा चाकांच्या मागं आला, की पिसं पुढच्या टोकाला लावलेला बाण झाला तो.

पण एवढ्यानं भागत नाही. ट्रेलर सरळ व्हायला लागला की थांबत नाही, झोपाळ्यासारखा दुसऱ्या बाजूला जातो, मग परत. हे डोलणं विझायला काहीतरी अडवणारं पाहिजे, त्याला डॅम्पिंग म्हणतात, आणि ते पण टायरच देतात. गंमत अशी की टायर किती अडवणार हे तो किती कोनात घसरतोय त्यावर ठरतं. समजा ट्रेलरचं बूड सेकंदाला १ मीटर वेगानं आडवं सरकतंय. गाडी ताशी ४० ला असेल, म्हणजे सेकंदाला ११ मीटर, तर तो कोन साधारण ५ अंश येतो. ताशी १०० ला, सेकंदाला २८ मीटर, तोच कोन २ अंश. आडवं सरकणं तेवढंच, पण अडवणारा जोर निम्म्याहून कमी झाला. म्हणजे वेग वाढवला की डॅम्पिंग आपोआप कमी होत जातं, आणि त्यात पुन्हा ट्रेलर एसयूव्हीची शेपूट इकडंतिकडं ढकलतो, एसयूव्हीचे मागचे टायर थोडे दबतात, तोंड उलट्या बाजूला फिरतं, आणि त्यामुळं पुढं जायच्या गतीतली थोडी ऊर्जा दर हेलकाव्याला डोलण्यात ओतली जाते. एका विशिष्ट वेगाला ओतलेली ऊर्जा आणि विझलेली ऊर्जा बरोबर होतात. त्याच्या पुढं गेलात की डॅम्पिंग उणे, प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा. तो वेग कुणाचा १४० असेल कुणाचा ८०, माल मागं सरकवला की तो खाली येतो, बस. डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा की ९० ला शहाण्यासारखी चाललेली जोडगाडी १०० ला अचानक वेडी होते, आणि त्यात इंजिनाच्या ताकदीचा काही संबंध नाही.

हे मी घरी करून बघितलं. ट्रेडमिल आहे आमच्याकडं, एरवी तिच्यावर चादरी वाळत असतात. नातवाची खेळण्यातली मोटार दोऱ्यानं पुढं बांधली, मागं पुठ्ठ्याची दोन चाकी गाडी जोडली, त्यात नटबोल्ट. नटबोल्ट पुढं ठेवले आणि बोटानं टिचकी मारली तर दोन हेलकाव्यात शांत. तेच नटबोल्ट मागं ठेवले, टिचकी मारली, तिसऱ्या हेलकाव्याला पुठ्ठा सोफ्याखाली. नातवानं हे सोळा वेळा करायला लावलं.

डोलायला लागल्यावर लोक स्टेअरिंगनं सावरायला जातात, तिथं घात होतो. एक हेलकावा एकदोन सेकंदाचा असतो, आपण कळून हात फिरवेपर्यंत अर्धा-पाऊण सेकंद जातो, म्हणजे झोपाळ्याला नेमका चुकीच्या वेळी धक्का. स्टेअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा, आणि ट्रेलरचे ब्रेक वेगळ्या लिव्हरवर असतील तर फक्त तेच हातानं दाबायचे, म्हणजे ट्रेलर मागं ओढला जाऊन सरळ होतो.

आता हिशोब. ट्रेलरच्या जाहिरातीत लिहिलेलं २,३५० किलो हे कोरडं वजन, पाणी गॅस भांडीकुंडी अंथरूण धरून भाच्याचा आकडा गेला २,९०० वर. त्याचं म्हणणं, कंपनी म्हणते ३,७०० ओढते, मग काळजी कसली? मी म्हटलं अरे, दाराच्या खांबावरचा स्टिकर वाच, गाडीत किती भार चालतो ते. त्यावर ७०० किलो. तो, बायको, दोन पोरं, सासू-सासरे मिळून ३८०, सामान ९०, हिचचं, म्हणजे जोडणीचं, लोखंड ४५. उरले १८५. आणि टंग वेट १२ टक्क्यांनी ३४८! ओढायचा आकडा पास, पेलायचा नापास. तो ३,७०० कसा येतो तेही मजेशीर आहे. त्यांचं जे२८०७ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात याच ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा जवळजवळ १८ किलोमीटरचा चढ एसी फुल लावून चढायचा, वेग ताशी ६४ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. आपल्या तुळजापूरच्या घाटात मे महिन्यात एसी लावून तापलेल्या गाड्या बाजूला उभ्या असतात ना, त्याचा थोरला भाऊ. चाचणी कडक आहे, मान्य, पण गाडीत माणसं धरलेली असतात दोन, प्रत्येकी ६८ किलो. सासू-सासरे त्यात नाहीत.

शिवाय ते वजन एक्सलच्या मागं लटकतं. जोडणी मागच्या एक्सलपासून १.२ मीटर मागं आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३ मीटर असेल तर ३५० किलोचा भार मागच्या एक्सलवर ४९० होऊन बसतो आणि पुढची चाकं १४० किलोनं हलकी होतात, तीच चाकं जी वळवतात आणि ब्रेकचं जास्त काम करतात. यासाठी स्प्रिंगच्या दांड्यांचं वेट डिस्ट्रिब्युशन हिच मिळतं, ते थोडा भार पुढच्या चाकांवर परत ढकलतं, चांगली वस्तू आहे, पण विकणारे सांगतात तसं त्यानं स्टिकरवरचे ७०० काही ८०० होत नाहीत. अक्काच्या लिंबाबद्दल म्हणाल तर बांधायला हरकत नाही, डोलायला लागलं की आधी तेच हलेल.

शेवटी म्हटलं आकडेमोड बास, काट्यावर जा. आपल्याकडं काटा म्हटलं की ऊसवाल्याच्या कपाळाला आठी पडते, पण तिकडं हायवेला ट्रकवाल्यांसाठी काटे असतात, एक्सलनुसार वेगवेगळी पावती मिळते. नुसतं टंग वेट तर घरीही मोजता येतं: एक मजबूत फळी, एका टोकाखाली वीट, दुसऱ्याखाली बाथरूमचा वजनकाटा, ट्रेलरचा दांडा विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फुटांवर टेकवायचा, काटा दाखवेल त्याची तिप्पट. शाळेतली तरफ.

पावतीचा फोटो आला, मागचा एक्सल मर्यादेच्या ६० किलो वर. सासू-सासरे आता दुसऱ्या गाडीनं मागून येणार आहेत, कडक भाकरीचा डबाही त्यांच्याकडंच. वाद उरलाय तो पाण्याच्या टाकीचा, ती दीडशे लिटरची आणि ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला. भरली की टंग वेट घटतं म्हणून भाचा खूश. मी म्हणतो, लेका, दीडशे किलो शेपटीला बांधलेस तर गुरुत्वमध्य मागं सरकतोच, वर एकदा डोलायला लागलं की थांबवणंही तितकंच जड, रिकामी ने आणि तिथं पोचून भर. तो म्हणतो, मामा, वाळवंटात पाणी भरायला नळ कुठं शोधू?