तथ्यवाचन, संगणकीय

महाजालावरील मजकूर वाचून त्यातील तथ्ये संगणकाने स्वतःच वेचावीत आणि ज्ञानसंग्रहात साठवावीत, यासाठी विकसित झालेली पद्धती.

तिचा उगम कोठे मानावा, हे व्याख्येवर ठरते. १९८७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या संदेश-आकलन परिषदांपर्यंत (मजकुरातून माहिती वेचणाऱ्या प्रणालींची चाचणी घेणारे मेळावे) ही परंपरा मागे नेता येते. मात्र तेथील पुढच्या स्पर्धांत विषय आणि भरावयाचे रकाने माणसांनीच आखून दिलेले असत. त्यामुळे संगणकीय भाषाविज्ञानाच्या अभ्यासक मार्टी हर्स्ट यांचा १९९२ चा शोधनिबंध हा आरंभबिंदू धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘यांसारखे’, ‘व इतर’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दबंधांवरून कोणती वस्तू कोणत्या वर्गात मोडते हे त्यांनी विश्वकोशाच्या मजकुरातून शोधले. शिवाय ज्ञात जोड्यांवरून नवे शब्दबंध हुडकण्याची रीतही सुचविली. जोड्यांवरून शब्दबंध व शब्दबंधांवरून नव्या जोड्या, हेच चक्र गूगलचे सहसंस्थापक सर्गे ब्रिन यांनी १९९८ च्या सुमारास वेबपानांवर फिरविले. लेखक व ग्रंथ यांच्या अवघ्या ५ जोड्यांपासून निघून त्यांची यादी १५,००० ग्रंथांपलीकडे गेली.

या चक्रातच मोठा धोका आहे. एक चूक शिरली की तिच्यावरून चुकीचा शब्दबंध तयार होतो आणि तो आणखी चुका ओढून आणतो. यास अर्थच्युती म्हणता येईल. कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल व सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये अखंड चालू केलेल्या ‘नेल’ (Never-Ending Language Learner) या प्रणालीने ‘इंटरनेट कुकीज’ (संकेतस्थळे संगणकावर ठेवतात त्या छोट्या फाइली) हा भाजलेला खाद्यपदार्थ ठरविला आणि मग पुसून टाकता येणाऱ्या संगणकीय फाइलीही त्याच वर्गात जाऊ लागल्या. अशा चुकांना आवर घालण्यासाठी नेलमध्ये शेकडो वर्ग व संबंध एकत्र शिकविले जात: जे शहर आहे ते व्यक्ती असू शकत नाही, असे परस्परनिषेध एकमेकांची चूक अडवत. प्रस्तुत पद्धतीतील खरी भर हीच होय. पहिल्या ६७ दिवसांत नेलने २,४२,४५३ विधाने जमविली. त्यांची अचूकता अंदाजे ७४ टक्के होती. चुका पूर्णपणे टळल्या नाहीत आणि माणसांकडून अधूनमधून दुरुस्ती करून घ्यावी लागली.

इंग्रजीतील हे शब्दबंध मराठीत जसेच्या तसे चालत नाहीत. ‘मूग, मटकी यांसारखी कडधान्ये’ या रचनेत उदाहरणे सहसा आधी येतात व वर्गनाम शेवटी. शिवाय ‘पुणे’ हे नाव ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’ असे सामान्यरूपाने बदलत असल्यामुळे शब्दाचे मूळ रूप आधी ओळखावे लागते.