वाळूतील फोर बाय फोर वाहनचालन (खानदेश)

नदीपात्र, समुद्रकिनारा किंवा वाळवंटातील सैल वाळूवरून चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी न रुतता नेण्याचे तंत्र. खानदेशात याचा संबंध नदीपात्राशी येतो. गिरणा, पांझरा, बोरी या तापीच्या उपनद्या उन्हाळ्यात आटल्या की वाळूचे रुंद पट्टे उघडे पडतात. तापीकाठी मात्र गाळमाती जास्त आहे; ओल्या गाळात चाक घसरते, तिथे टायरमधली हवा कमी करून वाळूइतका फायदा होत नाही.

वाळूत गाडी बहुधा इंजिन कमी पडल्याने रुतत नाही. सगळे वजन थोड्या जागेवर पडल्याने रुतते. डांबरी रस्त्यावर टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पाउंड (पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावरचा दाब) हवा असते. ती १५ ते १८ पाउंडांवर आणली की टायर जमिनीलगत फुगतो आणि टेकणारा भाग लांबीने वाढतो. फरक चाकोरीतच दिसतो: भरल्या टायरमागे खोल, कडा ढासळणारा चर राहतो, तर हवा काढलेल्या टायरमागे उथळ पट्टा, त्यात नक्षीही ओळखू येते. हवा काठावरच काढावी, रुतल्यावर नव्हे. १२ पाउंडांखाली गेल्यास जोराच्या वळणात टायर रिमवरून निसटू शकतो.

पात्रात शिरण्याआधीच फोर बाय फोर लावावे. मऊ वाळूत लो रेंज (कमी वेगात जास्त ताकद देणारी गिअरची सोय) आणि दुसरा गिअर सहसा चांगला. मध्येच गिअर बदलताना वेग मोडतो. एक्सलेटर एकसारखा ठेवावा, वळण मोठे घ्यावे. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू नये म्हणून आपोआप चालणारी यंत्रणा) ऐन वेळी ताकद तोडते, म्हणून सोय असल्यास ते बंद करावे. जोरात ब्रेक मारल्यास चाकांपुढे वाळूचा ढीग साचतो आणि निघताना तोच आडवा येतो. एक्सलेटरवरचा पाय सैल सोडून, शक्यतो उताराकडे तोंड करून थांबावे.

चाक जागच्या जागी फिरू लागले की लगेच एक्सलेटर सोडावा. अट्टाहास केला की गाडी पोटावर बसते. चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू फावड्याने काढावी, स्टिअरिंग सरळ धरावे आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे यावे. शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर मिळाल्यास ओढण्याचा पट्टा चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) हुकाला लावावा, बंपरला कधीच नाही. ओढताना माणसे दूर उभी राहावीत.

गिरणेच्या पात्रात आधी पायी चालून पाहणे अत्यावश्यक आहे. वाळू उपशाचे खड्डे वरून भरलेले वाटतात, कोरड्या थराखाली ओला गाळ असतो. गिरणा धरणातून पिण्याच्या पाण्याचे आवर्तनही पात्रातूनच सोडतात. त्या दिवसांत पात्रात गाडी घालूच नये. पात्रातल्या टरबूज-डांगराच्या वाड्यांवरून चाक नेणे म्हणजे कुणाचा तरी हंगाम तुडवणे.

डांबरीवर येताच बारा व्होल्टच्या कंप्रेसरने हवा पुन्हा भरावी. कमी हवेत वेगाने धावल्यास टायरची बाजू तापून फाटते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हा धोका आणखी वाढतो.