कॉर्दोबाची मशीद पाडली नव्हती!

स्पेनमधल्या कॉर्दोबाची मशीद पाडून चर्च बांधलं असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय, पण ते खरं नाही. 1236 मध्ये ख्रिस्ती सैन्याने शहर जिंकल्यावर मशिदीचंच कॅथेड्रल (बिशपचं मुख्य चर्च) केलं, आणि मधोमध उंच चर्च उभं राहिलं ते 1523 पासून, तेही शहराच्या कौन्सिलचा कडक विरोध असताना! त्यात मधले खांब गेले हे खरंच वाईट झालं, पण आजही 800 हून जास्त खांब, लाल-पांढऱ्या कमानी आणि 10व्या शतकातला मिहराब (नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा) जागेवर आहे. 18व्या शतकात लाकडी छतांखाली प्लास्टरचे घुमट चढवले, मग जुनी रंगवलेली लाकडं शोधून वेलाझ्केझ बॉस्को या आर्किटेक्टने छतं परत उभी करायला घेतली, मला तर हे काम फार मोलाचं वाटतं.