थंड प्रदेशातील फुलझुडपे बियांपासून वाढवणे

थंड प्रदेशातील फुलझुडपे बियांपासून वाढवणे : बर्फ आणि कडाक्याची थंडी सोसून वर्षानुवर्षे फुलणाऱ्या झुडपांची रोपे कलमाऐवजी बियांपासून तयार करण्याची पद्धत. लायलॅक, व्हायबर्नम, ऱ्होडोडेंड्रॉन, रानगुलाब, दारुहळदीच्या कुळातील शोभेची झुडपे, झाडपिओनी ही यातली नेहमीची नावे. गॅलरीतल्या कुंड्यांवर जीव लावणाऱ्या मुंबईकरांची या विषयाशी गाठ पडते ती मनालीच्या सहलीतून आणलेल्या फळांमुळे, नाहीतर परदेशी स्थायिक झालेल्या भाचीच्या अंगणातल्या झुडपामुळे. बी पेरायचे, महिनाभर पाणी घालायचे आणि काही उगवले नाही की बी खराब होते म्हणून माती ओतून द्यायची, असा शिरस्ता दिसतो. पुष्कळदा बी चांगलेच असते. त्याचा हिवाळा झालेला नसतो, एवढेच.

यापैकी बऱ्याच झुडपांचे बी शरद ऋतूत पिकून गळते. ते लगेच रुजले तर कोवळे रोप पुढच्या गोठणाऱ्या थंडीत मरेल, म्हणून बी सुप्तावस्थेत राहते. उगवण रोखून धरणारे ॲब्सिसिक आम्ल या काळात वरचढ असते. बी ओले राहून काही आठवडे थंडीत काढते, तेव्हा या आम्लाचा जोर ओसरतो आणि जिबरेलिन या संप्रेरकाचा प्रभाव वाढतो. यासाठी साधारण १ ते ५ अंश सेल्सिअस तापमान उत्तम. ओल, थंडी आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. कोरडे बी फ्रीजमध्ये ठेवले तर ते फक्त टिकते. फ्रीझरमध्ये ठेवूनही उपयोग नाही, कारण गोठलेल्या बियांमध्ये हे बदल घडतच नाहीत, उलट पाणी प्यालेले बी फुटून मरण्याची भीती असते.

सगळ्या झुडपांना एकच माप लावून चालत नाही. लायलॅकला एक-दोन महिने पुरतात, दारुहळदीच्या जातींना दोन-तीन, रानगुलाबाला तीन-चार. व्हायबर्नमच्या अनेक जाती आणि झाडपिओनी यांचा मामला दुहेरी आहे. आधी काही आठवडे उबेत राहून मूळ फुटते आणि त्यानंतर थंडी मिळाली तरच कोंब वर येतो. उघड्यावर पेरलेले असे बी दुसऱ्या वसंतात उगवते, तोवर अधीर माळ्याने कुंडी रिकामी केलेली असते. ऱ्होडोडेंड्रॉनला मात्र थंडीची सक्ती नाही. त्याचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्याला उजेड लागतो, म्हणून ते ओल्या आम्लधर्मी शेवाळावर नुसते भुरभुरवतात, वर माती टाकत नाहीत. उगवण दोन-चार आठवड्यांत होते. फुलाची वाट मात्र बरीच वर्षे पाहावी लागते. हिमालयातल्या बुरांशला, म्हणजे तिथल्या लाल फुलांच्या ऱ्होडोडेंड्रॉनला, सहज दशकभर लागते. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी १८४८ ते १८५० या काळात सिक्कीम हिमालयातून लंडनच्या क्यू उद्यानाकडे ऱ्होडोडेंड्रॉनचे बी पाठवले. ब्रिटनच्या बागांत या झुडपाचे जे वेड पसरले, त्यामागे अशा रोपांचा मोठा वाटा होता.

थंड देशात ही सगळी खटपट निसर्गावर सोपवता येते. शरदात कुंड्यांत बी पेरून, उंदीर-पाखरांपासून वाचवण्यासाठी वर जाळी घालून, कुंड्या बाहेर ठेवून देतात. बर्फाचा थर कुंडीवर पांघरुणाचे काम करतो. खरा धोका असतो तो बर्फ नसलेल्या कोरड्या गोठणाऱ्या रात्रींचा, कारण मुळे फांद्यांइतकी काटक नसतात. माती आळीपाळीने गोठते आणि सुटते तेव्हा कोवळी रोपे मुळांसकट वर उचलली जातात. बी कुठल्या झाडाचे, हेही पाहावे लागते. एकाच जातीतले उत्तरेकडच्या किंवा उंचावरच्या रानातले बी बहुधा अधिक थंडी सोसणारी रोपे देते. नामांकित संकरित वाणाचे बी पेरून तोच रंग मिळेल, ही आशा मात्र सोडावी. हुबेहूब वाण हवा असेल तर कलमाला पर्याय नाही.

मुंबईत हिवाळा फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात करावा लागतो. सांताक्रूझ येथे नोंदलेले शहराचे नीचांकी तापमान ७.४ अंश आहे (२२ जानेवारी १९६२) आणि एरवी जानेवारीतल्या पहाटेही पारा १७च्या आसपास असतो. गर पूर्ण धुऊन काढलेले बी रात्रभर पाण्यात भिजवतात आणि ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) किंवा चाळलेल्या वाळूत मिसळून पिशवीत भरतात. श्रीखंडाचा रिकामा डबाही चालतो. कोकोपीट मुठीत दाबल्यावर थेंब गळता कामा नये. त्याहून ओले असेल तर बुरशी धरते. नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहावी, शाई ओलीने पसरते. दर आठवड्याला डबा उघडून पाहावे, कारण मटकीला मोड यावेत तसे काही बी फ्रीजमध्येच पांढरे मूळ काढून बसते. असे बी लगेच कुंडीत हलवतात. वेळेचा हिशेब उलटा करावा लागतो. सप्टेंबरात सुरुवात केली तर डिसेंबरात बी बाहेर येते, तेव्हा रात्री त्यातल्या त्यात सुसह्य असतात. तेच एप्रिलच्या उकाड्यात काढले तर न रुजलेले बी पुन्हा सुप्तावस्थेत जाते आणि सगळा खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो.

काही जातींत थंडीऐवजी जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बी भिजवतात. आपल्याकडचे द्राक्षबागायतदार ज्याला नुसते ‘जीए’ म्हणतात तेच हे. मात्रा जास्त झाली तर रोपे लांबट आणि लुळी निघतात.

उत्साहाच्या भरात एक गोष्ट विसरली जाते. फ्रीज बियाला हिवाळा देतो, झुडपाला नाही. लायलॅकसारख्या झुडपाच्या कळ्यांनाही दरवर्षी थंडीचा ठराविक काळ लागतो. तो न मिळाल्यास डोळे (फांदीवरचे अंकुर) नीट फुटत नाहीत आणि फूल येत नाही. नाशिकच्या द्राक्षवेलींनाही पुरेशी थंडी मिळत नाही, म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावून ते एकसारखे फोडतात. शोभेच्या झुडपासाठी एवढे जहाल रसायन घराच्या गॅलरीत वापरणे शहाणपणाचे नव्हे. त्यामुळे दादर-ठाण्याच्या सोसायटीत लायलॅक रुजवणे शक्य आहे, फुलवणे जवळजवळ अशक्य. रोपे हिमाचलात किंवा कुमाऊँत कुणी सांभाळणारे असेल तरच हा उद्योग फळाला येतो.

मुंबईच्या हवेत फुलणाऱ्या झुडपांच्या बियांची अडचण वेगळीच असते. शंकासुराच्या बियांचे कवच इतके टणक असते की पाणी आत शिरत नाही. ते सॅंडपेपरवर घासून किंवा गरम पाण्यात भिजवून पेरतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कारवी तर बरीच वर्षे नुसती वाढते आणि एकदाच सामुदायिकपणे फुलून, बी धरून मरते. मुंबई परिसरात असा बहर २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये आला. तिच्या सुकलेल्या बोंडांचा तडतड आवाज करत बी उडते.

परदेशातून पाकिटात घालून आणलेले बी ही भेट म्हणून कितीही प्रेमाची असली तरी नियमात बसत नाही. वनस्पती विलगीकरण (भारतातील आयातीचे नियमन) आदेश, २००३ नुसार पेरणीसाठी बी आणायला आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. हौशी माणसाने हिमाचल, उत्तराखंड किंवा सिक्कीममधील रोपवाटिकांत गोळा केलेले बी घ्यावे. ते ताजे मिळते आणि आपल्याच डोंगरातल्या थंडीला सरावलेले असते.