स्फोटानंतरचं मत: मतदाराला तेव्हा काय माहीत होतं?

२७ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी मध्य प्रदेशातले मतदार केंद्रांबाहेर रांगा लावत होते, तेव्हा मुंबईत ताजमधून धूर निघत होता. दोन दिवसांनी, २९ तारखेला, दिल्ली विधानसभेचं मतदान होतं. ते सुरू होण्याच्या सुमारासच ताजमधला शेवटचा अतिरेकी मारला गेला. मधल्या काळात दिल्लीच्या वर्तमानपत्रांत भाजपची रक्ताचे डाग दाखवणारी जाहिरात झळकली होती. तिचा मथितार्थ एवढाच की सरकार दुबळं आहे, दहशतवादाशी लढायचं असेल तर आम्हाला मत द्या. ८ डिसेंबरला मतमोजणी झाली. दिल्लीत शीला दीक्षित तिसऱ्यांदा जिंकल्या, राजस्थान भाजपकडून काँग्रेसकडे गेलं, मध्य प्रदेश भाजपकडेच राहिलं. एवढ्या मोठ्या हल्ल्यानंतर सगळीकडे एकाच दिशेने वारं वाहील, असं मानणाऱ्यांचा अंदाज चुकला.

दहशतवादी हल्ल्याकडे बघून सरकार निवडावं का, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक मोठ्या हल्ल्यानंतर आपल्याकडे निघतो. ‘मृतांवर राजकारण करू नका’ असं सत्ताधारी म्हणतात आणि ‘जाब विचारायचा नाही का’ असं विरोधक विचारतात. सत्ता बदलली की दोघांची वाक्यंही बदलतात. माझं मत आधीच सांगून टाकते. हल्ल्याचा मतावर परिणाम व्हायला हवा. लोकांचा जीव सांभाळणं हे सरकारचं पहिलं काम, आणि त्याचा हिशेब मतदानात मागायचा नाही तर कधी मागायचा? पण हिशेब मागायला वही समोर असावी लागते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास चाळला की मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा खटकते. मतदार केंद्रावर पोहोचतो तेव्हा ती वही बहुतेक वेळा सरकारच्या कपाटात बंद असते.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो युरोपातला आहे.

११ मार्च २००४, गुरुवार. स्पेनमध्ये रविवारी सार्वत्रिक निवडणूक होती. सकाळी ७.३७ ते ७.४० या तीन-चार मिनिटांत माद्रिदच्या चार लोकल गाड्यांमध्ये दहा बॉम्ब फुटले. अल्काला दे एनारेसकडून अतोचा स्थानकाकडे जाणाऱ्या या गाड्या होत्या, आपल्याकडे कल्याणहून सीएसटीला येणाऱ्या असाव्यात तशा. आत नोकरदार, विद्यार्थी आणि पोटासाठी स्पेनमध्ये आलेले परदेशी मजूर होते. १९१ माणसं गेली, जखमी अठराशेच्या आसपास होते. डब्यांमध्ये पडलेल्या मृतदेहांच्या खिशांत मोबाइल वाजत होते आणि मदतीला धावलेल्यांना ते ऐकवत नव्हते.

तेव्हा पंतप्रधान होते होसे मारिया अस्नार. अमेरिकेच्या इराक युद्धाला त्यांनी पाठिंबा दिला होता आणि स्पेनचं सैन्यही इराकमध्ये होतं. देशातल्या बहुसंख्य लोकांचा या युद्धाला कडाडून विरोध होता. तरीही मतचाचण्यांत अस्नार यांचा पॉप्युलर पार्टी हा पक्ष पुढे होता. स्फोट झाले त्याच दुपारी गृहमंत्री आन्खेल असेबेस यांनी सांगितलं की हे काम बास्क फुटीरतावाद्यांच्या ‘एटा’ या संघटनेचं आहे आणि त्यात शंकाच नाही. अस्नार यांनी मोठ्या वर्तमानपत्रांच्या संपादकांना स्वतः फोन करून तेच सांगितलं. जगभरच्या स्पॅनिश राजदूतांना तशाच सूचना गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्याच दिवशी ठराव केला आणि त्यातही एटाचं नाव घातलं गेलं.

यामागचं गणित कुणालाही कळेल असं होतं. हल्ला एटाचा असेल, तर एटाशी कठोरपणे वागणारं सरकार बरोबर ठरत होतं. हल्ला इस्लामी अतिरेक्यांचा असेल, तर लोक इराककडे बोट दाखवणार होते.

प्रत्यक्षात पुरावे भलतीकडे चालले होते. अल्कालामध्ये एक व्हॅन सापडली. तिच्यात डिटोनेटर होते आणि कुराणपठणाची ध्वनिफीत होती. रात्री गाड्यांतून गोळा केलेल्या सामानात न फुटलेली एक पाठपिशवी हाती लागली. तिच्यात सुमारे दहा किलो स्फोटकं, खिळे-स्क्रू आणि घड्याळासारखा वापरलेला एक मोबाइल होता. एटा वापरायची ती स्फोटकं ही नव्हती. फोनमधल्या सिमकार्डावरून पोलीस माद्रिदच्या लाव्हापिएस भागातल्या एका दुकानापर्यंत पोहोचले. शनिवारी तीन मोरोक्कन आणि दोन भारतीय पकडले गेले. हे भारतीय फोनच्या विक्रीच्या धाग्यावरून अडकले होते, पुढे ते सुटले.

शुक्रवारी संध्याकाळी देशभर मोर्चे निघाले. सगळीकडचे मिळून एक कोटीहून अधिक लोक रस्त्यावर होते. माद्रिदमध्ये पावसात, छत्र्यांखाली चालणाऱ्या त्या गर्दीतून एक प्रश्न उठत राहिला: ‘कोणी केलं?’ स्पेनमध्ये मतदानाच्या आदल्या दिवशी प्रचाराला बंदी असते, तो दिवस शांतपणे विचार करण्यासाठी राखलेला असतो. पण त्या शनिवारी मोबाइलवर संदेश फिरू लागले, शेवटी ‘पुढे पाठवा’ असं लिहिलेले. संध्याकाळी सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयासमोर माणसं जमली. मत देण्याआधी खरं काय ते कळलं पाहिजे, ही त्यांची मागणी होती. रविवारी २००० च्या तुलनेत सुमारे सात टक्के जास्त, म्हणजे जवळपास ७६ टक्के मतदान झालं. समाजवादी पक्षाला १६४ जागा मिळाल्या, पॉप्युलर पार्टीला १४८. होसे लुइस रोद्रिगेस सापातेरो पंतप्रधान झाले आणि त्यांनी लगेच इराकमधून सैन्य माघारी बोलावलं.

स्पॅनिश मतदारांनी दहशतवाद्यांपुढे गुडघे टेकले, अशी टीका तेव्हा झाली, आजही होते. ती झटकून टाकता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ होसे मोंताल्व्हो यांनी पुढे एक चांगली युक्ती केली. परदेशात राहणाऱ्या स्पॅनिश नागरिकांची मतं हल्ल्याच्या आधीच देऊन झाली होती. ती मतं बाकीच्यांच्या मतांशी ताडून पाहिल्यावर त्यांचा निष्कर्ष असा निघाला की हल्ल्यामुळे निकाल खरोखरच फिरला. म्हणजे बॉम्ब ठेवणाऱ्यांनी एका देशाचं सरकार बदललं, असं कुणी म्हणालं तर मी त्याला खोटं पाडू शकत नाही. मला फक्त एवढं दिसतं की सैन्य माघारीचं वचन सापातेरोंनी हल्ल्याच्या आधीच दिलं होतं, युद्धाबद्दलचा लोकांचा रागही जुना होता आणि त्या तीन दिवसांत नव्याने कळलेली गोष्ट म्हणजे सरकारचं वागणं. १९१ प्रेतं समोर असताना आपलं सरकार आपल्याला पूर्ण सांगत नाही, हे मतदानाच्या आत लोकांना उमगलं. त्यावर मत देण्याला मी शरणागती म्हणणार नाही. खटल्याचा निकाल ऑक्टोबर २००७ मध्ये लागला आणि त्यात एटाचा हात निघाला नाही. पुढची निवडणूक मार्च २००८ मध्ये होती. म्हणजे दुसऱ्या वेळीही मतदारासमोर कागद होते.

अमेरिकेतही ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या चौकशी आयोगाचा अहवाल २२ जुलै २००४ ला, अध्यक्षीय निवडणुकीच्या तीन महिने आधी, सर्वांसाठी खुला झाला. हवा त्याला तो दुकानातून विकत घेता येत होता. इस्रायलची गोष्ट वेगळी. तिथे १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्याभरात एकामागून एक आत्मघाती स्फोट झाले, शिमोन पेरेस यांची मोठी आघाडी विरघळली आणि मे महिन्यात बेंजामिन नेतान्याहू सुमारे तीस हजार मतांच्या फरकाने जिंकले. तिथे लपवाछपवीचा प्रश्न नव्हता, भीतीनेच पारडं झुकवलं.

आता आपल्याकडे येऊ. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या साखळी स्फोटांत २५७ जण गेले. मुख्यमंत्री शरद पवार यांना पदावर येऊन जेमतेम आठवडा झाला होता. मशीद बंदरलाही स्फोट झाल्याचं त्यांनी तेव्हा सांगितलं. तिथे स्फोट झालाच नव्हता. डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींनी होरपळलेलं शहर पुन्हा पेटू नये म्हणून आपण तसं बोललो, हे त्यांनी पुढे स्वतः जाहीरपणे कबूल केलं. अस्नार आणि पवार यांना मी एका पारड्यात टाकत नाही. मुंबईत तेव्हा निवडणूक तोंडावर नव्हती आणि त्या थापेने कदाचित माणसं वाचली. तरीही कुणाला किती सांगायचं हे सरकारच ठरवतं, आणि संकटाच्या दिवसांत ते मुकाट मान्य करायची आपल्याला सवय लागली. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली. पण त्या निकालामागे दंगली होत्या, काँग्रेसमधली बंडखोरी होती, भ्रष्टाचाराचे आरोप होते. स्फोटांचा वाटा त्यातून निवडून वेगळा काढता येत नाही.

२००८ ला मात्र हिशेब मागण्याची पुरेपूर संधी होती. १६६ माणसं गेली होती. ३० नोव्हेंबरला केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील गेले. ‘मोठ्या शहरात अशा घटना होतात’ अशा अर्थाच्या विधानावरून गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे सगळ्यांचे आबा, यांना राजीनामा द्यावा लागला. चित्रपट दिग्दर्शकाला सोबत घेऊन ताजची पाहणी केल्यावरून विलासराव देशमुखांचं मुख्यमंत्रिपद गेलं. ३ डिसेंबरला गेटवेसमोर मेणबत्त्या आणि फलक घेऊन जमलेल्या गर्दीने राजकारण्यांवर सरसकट राग काढला. ही सगळी डोकी उडाली ती शब्दांवरून आणि वागण्यावरून. कंट्रोल रूममध्ये त्या रात्री काय झालं, पोलिसांकडे कोणती शस्त्रं होती, आधी आलेल्या सूचनांचं काय केलं, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं.

ते शोधायला डिसेंबरअखेर राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि माजी गुप्तचर अधिकारी व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. केंद्राच्या यंत्रणांची तपासणी तिच्या कक्षेत नव्हती, राज्याच्या पोलिसांपुरतंच तिला बघायचं होतं. एप्रिल २००९ मध्ये समितीने अहवाल दिला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला मुंबईने लोकसभेसाठी मतदान केलं. मतदान झालं जेमतेम ४१ टक्के, आणि हल्ला जिथे झाला त्या दक्षिण मुंबईत त्याहूनही थोडं कमी. गुरुवारी मतदान, शुक्रवारी महाराष्ट्र दिन, पुढे शनिवार-रविवार. लोक गावाला गेले, अशी चिडचिड तेव्हा खूप झाली. हल्ल्यानंतरच्या रागातून राजकारणात उतरलेल्या बँकर मीरा सन्याल दक्षिण मुंबईत अपक्ष उभ्या होत्या, त्यांचं डिपॉझिट गेलं. शहरातल्या सहाही जागा काँग्रेस आणि राष्ट्रवादीने जिंकल्या. त्यात मनसेने फोडलेल्या मतांचा हात मोठा होता.

जूनमध्ये विधिमंडळात सरकारने अहवालावर काय कारवाई केली त्याचा कागद मांडला, मूळ अहवाल सुरक्षेचं कारण देऊन मागे ठेवला. ऑक्टोबरमध्ये विधानसभा निवडणूक झाली. काँग्रेसला ८२ आणि राष्ट्रवादीला ६२ जागा मिळाल्या, आघाडी पुन्हा सत्तेवर आली आणि नोव्हेंबरमध्ये आबा पुन्हा गृहमंत्री झाले. अहवाल सभागृहात आला तो डिसेंबर २००९ मध्ये, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात. लोक मत देऊन मोकळे झाल्यावर.

त्यात काय होतं? पोलीस आयुक्तांच्या नेतृत्वावर ठपका होता. ठरलेल्या कार्यपद्धती पाळल्या गेल्या नव्हत्या. गोळीबाराच्या सरावाला पुरेसा दारूगोळा नव्हता. सीएसटीवर जुनाट बंदुका घेऊन एके-४७ समोर उभ्या राहिलेल्या पोलिसांना आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या चित्रामागची खरेदी, कपात, टाळाटाळ या कागदांत होती. त्यात राष्ट्रसुरक्षेला धोका पोहोचेल असं काही असेल तर तेवढी पानं झाकता आली असती. सराव झाला नाही हे लपवून कोणाची सुरक्षा साधली, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. कदाचित अहवाल वाचूनही लोकांनी त्याच आघाडीला निवडलं असतं. तो त्यांचा अधिकार होता. पण वाचायची संधी त्यांच्याकडून काढून घेतली गेली.

दहा वर्षांनी सरकार दुसऱ्या पक्षाचं होतं. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले, त्यातले दोन आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले. २६ तारखेला बालाकोट झालं आणि १० मार्चला निवडणूक जाहीर झाली. ९ एप्रिलला लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदींनी पहिल्यांदा मत देणाऱ्या तरुणांना आवाहन केलं की तुमचं मत पुलवामाच्या हुतात्म्यांना आणि बालाकोट करणाऱ्या जवानांना अर्पण करा. सैन्याचा प्रचारात वापर करू नये, अशी सूचना निवडणूक आयोगाने महिनाभर आधीच पक्षांना दिली होती. तक्रार झाली, आयोगाने भाषणात आचारसंहितेचा भंग नाही असं ठरवलं आणि आयुक्त अशोक लवासा यांनी त्याला असहमती नोंदवली. एवढी स्फोटकं भरलेली गाडी जवानांच्या ताफ्यापर्यंत पोहोचली कशी, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. २३ मे रोजी निकाल लागला. एनआयएचं आरोपपत्र दाखल झालं ऑगस्ट २०२० मध्ये.

कधीकधी तर निवडणूकच काय, पिढी उलटते. ११ जुलै २००६ ला संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली. सरकारी पक्ष गुन्हा सिद्ध करू शकला नाही, असं न्यायालय म्हणालं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, एवढ्यापुरती स्थगिती मिळाली. २००९ मध्ये ज्याने अठराव्या वर्षी पहिल्यांदा बोटाला शाई लावून घेतली, तो आज पस्तिशीला टेकला आहे. लोकसभेच्या चार आणि विधानसभेच्या चार निवडणुका त्याच्या डोळ्यांसमोर झाल्या. प्रत्येक वेळी व्यासपीठावरून कुणी ना कुणी त्याला दहशतवादाविरुद्ध मत मागितलं, आणि त्याच्या लोकलमध्ये बॉम्ब कोणी ठेवले हे त्याला अजून पक्कं कळलेलं नाही.